भीडमुर्वत

मराठीत 'भीडमुर्वत' असा एक जोडशब्द आहे. त्यातली मुर्वत आमच्याच उंबरठ्यावरून तिकडे गेलेली. अरबीत 'मुरुव्वत' म्हणजे माणसाचे माणूसपण, दिलदारी, शब्दाला जागण्याची हिंमत. उर्दूत येईपर्यंत हा शब्द मऊ झाला आणि आज आमच्या घराघरांत 'मुरव्वत में आ गए' याचा अर्थ एवढाच उरला आहे, की नाही म्हणायचे होते, पण तोंडून निघाले नाही. हिमतीच्या शब्दाचा असा संकोच झाला. मराठीने त्याच्या शेजारी भीड आणून बसवली, तेव्हा तिला ही गोष्ट आमच्याआधी कळली असावी.

ही भीडमुर्वत सर्वांत जास्त छळते ती ज्याला आम्ही धड ओळखत नाही अशा शेजाऱ्यापुढे. भावाला, मेहुण्याला 'जमणार नाही' म्हणता येते. तो दोन महिने रुसेल आणि ईदला गळ्यात पडेल. पूर्ण परक्याला तर काही सांगावेच लागत नाही. पण समोरच्या दारातले ते गृहस्थ, ज्यांचे नाव आम्हांला 'तीनशे दोनवाले' एवढेच ठाऊक आहे, ज्यांच्याशी जिन्यात सलामापलीकडे बोलणे झालेले नाही, ते एका संध्याकाळी बेल वाजवतात आणि काहीतरी मागतात. सलामाला जवाब देऊन आम्ही जी थोडीशी ओळख मान्य केलेली असते, तिचीच ही वसुली आहे असे वाटू लागते.

असे अर्धवट ओळखीचे शेजारी आमच्या आजोबांना फारसे नव्हते. कोकणातल्या मोहल्ल्यात कुणाच्या पणज्याचे कुणाशी बांधावरून भांडण झाले हेसुद्धा पाठ असे. जमातीच्या वहीत प्रत्येक घराचे नाव असे. आता आम्ही इमारतींत राहतो. १९९२-९३ च्या मुंबईच्या दंगलींनंतर मुंब्रा-कौसा माणसांनी भरत गेले. पुण्यात कोंढव्यातही आमची वस्ती अशीच वाढली. रत्नागिरीचा, बीडचा, आझमगढचा आणि दरभंग्याचा माणूस एका मजल्यावर आला. अजान एकच ऐकतो, पण बोली वेगळी, हंडीतला मसाला वेगळा आणि मागचा इतिहास तर कुणालाच माहीत नाही. भीतीने आणि परवडणाऱ्या भाड्याने जवळ आणलेली ही माणसे. त्यांनी एकमेकांना निवडलेले नाही.

या शेजाऱ्याने काही मागितले तर देणे आमच्यावर बंधनकारक आहे का? बरेच जण 'आहे' म्हणतात आणि पैगंबर (स.) यांची ती प्रसिद्ध हदीस सांगतात, की जिब्रील (अ.) शेजाऱ्याविषयी इतके बजावत राहिले की तो वारसही ठरवला जाईल की काय असे वाटू लागले. कुरआन शरीफातल्या सूरह निसामध्ये नात्यातल्या शेजाऱ्याबरोबर परक्या शेजाऱ्याचाही वेगळा उल्लेख आहे. म्हणजे 'आम्ही त्यांना ओळखत नाही' ही सबब तिथे चालत नाही. आणि सूरह माऊन तर आमच्या प्रत्येक मुलाला पाठ असते. सात आयतींची ती छोटी सूरह नमाज पढणाऱ्यांनाच धारेवर धरते. दिखाऊ नमाज पढायची आणि माऊन मात्र नाकारायचे, या वृत्तीचा तिथे निषेध आहे. माऊन म्हणजे काय, याचे उत्तर जुन्या भाष्यकारांनी देताना कुऱ्हाड, पातेले, पाण्याची बादली अशा वस्तू मोजल्या आहेत. ज्या दिल्याने घटत नाहीत आणि परत येतात, अशा.

तेव्हा बकरी ईदला वरच्या मजल्यावरची बाई "भाभी, फ्रिज में थोडी जगह है क्या?" म्हणत पिशवी घेऊन उभी राहिली, तर तिची पिशवी आत गेली पाहिजे, मग आमचे दूध चार दिवस बाहेर नासले तरी. शिडी, इस्त्री, सिलिंडर संपल्यावर तासाभरासाठी शेगडी, मय्यत झालेल्या घरच्या पाहुण्यांसाठी गाद्या, हे सगळे माऊनच. यात ओळखीचा प्रश्नच येत नाही. नाक मुरडून दिले तरी देणे भाग आहे. नाक मुरडू नये हे वेगळे.

पण आजकाल बेल वाजते ती बादलीसाठी क्वचितच. आमच्या मते खरा घोळ इथून सुरू होतो. शेजारी आता वस्तू मागत नाही, तो आमचे नाव मागतो. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहा. पासपोर्टच्या अर्जात ओळखणारे म्हणून तुमचे नाव लिहू का? तुमचा मुलगा दुबईला चालला आहे ना, हे एवढे पार्सल आमच्या भावाला द्या. मागणारा तिन्ही गोष्टी बादलीच्याच सुरात मागतो आणि आम्हीही बादली देताना वाटते तेवढ्याच संकोचाने हो म्हणून बसतो. नाव मात्र बादलीसारखे नसते. एकदा दिले की ते परत कधी येईल आणि कोणत्या अवस्थेत, हे आमच्या हाती राहत नाही.

पार्सलचेच पाहा. कोकणातून आखातात जाणाऱ्यांची आता तिसरी पिढी आहे, आणि कुणी निघाला की आदल्या रात्री त्याच्या घरी पिशव्यांची रांग लागते. आंबोळ्यांचे पीठ, सुकी मासळी, घरचा मसाला, आईने शिवलेली गोधडी. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पण मसाल्यात आमच्याकडे सर्रास पडते ती खसखस संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया, कतार या देशांत बंदी असलेली वस्तू आहे. खोकल्याचे कोडीनयुक्त औषध, दुखण्यावरची ट्रॅमाडोलची गोळी, जी इथल्या डॉक्टरने रीतसर लिहून दिलेली असते, ती तिथे परवानगीशिवाय नेली तर कोठडी दाखवते. २०१९ मध्ये मुंबईच्या एका जोडप्याला दोहा विमानतळावर अटक झाली. सामानात चार किलो चरस निघाली होती, आणि ती पिशवी त्यांना नात्यातल्याच व्यक्तीने विश्वासाने सोपवली होती. दहा वर्षांची शिक्षा झाली. निर्दोष ठरून ते २०२१ मध्ये परतले, तोवर त्यांचे मूल तुरुंगात जन्मले होते. नात्यातल्या माणसाच्या पिशवीची ही गत, तर तीनशे दोनच्या पिशवीचे काय सांगावे? विमानतळावर विचारतात, सामान तुम्ही स्वतः भरले का? तिथे मुरव्वतीने 'हो' म्हणणारा माणूस सरळसरळ खोटे बोलत असतो. शेजाऱ्याचे मन राखायला खोटी साक्ष द्यावी, असे कोणत्या हदीसमध्ये आहे?

जामिनाची गोष्ट तर आमच्याकडे चहाच्या कपावर उरकते. "बस, एक सही चाहिए." भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याचे १२८ वे कलम सांगते, की करारात वेगळे ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणजे वसुली करणारा आधी कर्जदाराकडे जाऊन मग आमच्याकडे येईल असे नाही, तो थेट आमच्याकडे येऊ शकतो. आणि कायदा राहू द्या, आमच्या परंपरेतला जामीन याहून कडक आहे. एक जनाजा आणला गेला, मय्यतीवर दोन-तीन दीनारांचे कर्ज होते आणि फेडायला मागे काही नव्हते. पैगंबरांनी (स.) स्वतः नमाज पढवायला नकार दिला. अबू कतादा (रजि.) यांनी कर्ज अंगावर घेतल्यावरच ते पुढे झाले. अबू कतादांनी तिथे मुरुव्वत दाखवली, जुन्या अर्थाची. रक्कम माहीत होती, फेडण्याची तयारी होती, आणि ज्याची भीड पडावी तो माणूस तर कफनात होता. आम्ही जामीन राहतो तेव्हा रक्कमसुद्धा विचारत नाही, विचारले तर समोरच्याला वाईट वाटेल म्हणून.

ओळखीचा दाखला सर्वांत अवघड. हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी एक रिवायत सांगतात. एकाने दुसऱ्याच्या भलेपणाची ग्वाही दिली. उमर यांनी विचारले, तू त्याचा शेजारी आहेस का, त्याच्याशी पैशाचा व्यवहार केला आहेस का, त्याच्याबरोबर प्रवास केला आहेस का? तिन्हींना 'नाही' आल्यावर ते म्हणाले की बहुधा तू त्याला मशिदीत फक्त रुकू-सजदा करताना पाहिले असशील, तू त्याला ओळखत नाहीस. आम्ही ही रिवायत नाही म्हणण्यासाठी वापरतो. आम्ही तुम्हांला ओळखत नाही, माफ करा, दार बंद. पण उमर यांनी पहिला प्रश्न कोणता विचारला? शेजारी आहेस का. त्यांच्या लेखी शेजारी म्हणजे ज्याला शेजाऱ्याचा दिवस-रात्र ठाऊक आहे असा माणूस. आम्ही भिंतीला भिंत लावून पाच वर्षे राहिलो आणि तरीही ग्वाही द्यायला नालायक ठरलो, यात दोष एकट्या मागणाऱ्याचा आहे का?

भीती खोटी नाही, हेही लिहिले पाहिजे. मालेगावच्या २००६ च्या बॉम्बस्फोटांत आमची जी मुले पकडली गेली, त्यांच्यावरचे आरोप न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केले. मधली वर्षे कुणी परत दिली नाहीत. ज्या समाजाने हे पाहिले आहे, तो कुणाच्या अर्जावर नाव देताना दहा वेळा विचार करणारच. 'उद्या काही निघाले तर?' हा प्रश्न आमच्या घरात जेवणाच्या ताटावर बसलेला असतो. पण हाच प्रश्न विचारून एखाद्या सोसायटीचा चिटणीस आम्हांला घर नाकारतो, तेव्हा आम्ही त्याला पूर्वग्रह म्हणतो. आणि बरोबरच म्हणतो. मग दरभंग्याहून आलेल्या शिंप्याला आम्ही जिन्यातच वाटेला लावतो, त्याचे नाव काय?

आमचे म्हणणे एवढेच, की न पाहिलेल्या गोष्टीची सही देता येत नाही, आणि पाहायला नकारही देता येत नाही. सूरह बनी इस्राईलमध्ये देण्यासारखे काही नसेल तेव्हा मागणाऱ्याशी मऊ, सोपे बोलण्याची ताकीद आहे. आम्ही ती अर्धीच पाळतो. मऊ बोलतो, पण सोपे बोलत नाही. 'बघू', 'इन्शाअल्लाह', 'मुलाला विचारून सांगतो' अशी मऊ वाक्ये पेरतो आणि चार दिवस बेल वाजली की घरात शांत बसतो. अल्लाहचे नाव टाळाटाळीसाठी वापरण्याची ही सवय तर आम्हांला सर्वांत वाईट वाटते. त्यापेक्षा "भाई, आमची ओळख अजून सहीइतकी झालेली नाही, आत येऊन बसा" हे वाक्य तोंडाला जड असले तरी ऐकणाऱ्याला सोपे आहे. त्याला दुसरीकडे जायचे की थांबायचे ते त्याच क्षणी कळते. आत आला तर कोणत्या गावचा, इथे कधीपासून, दुकान कुठे, हे विचारता येते. त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन बसता येते, फॉर्म भरून देता येतो, घरमालकाशी बोलता येते. सूरह निसामध्येच भल्या शिफारशीत वाटा आहे आणि बुऱ्या शिफारशीचाही बोजा आहे असे सांगितले आहे. वाटा हवा तर आधी शिंप्याचे दुकान कोणत्या गल्लीत आहे ते बघून यावे लागते.

पार्सलही सरसकट नाकारण्याचे कारण नाही. परदेशात एकट्या राहणाऱ्या पोराला आईचा मसाला पोचवणे ही सवाबाचीच गोष्ट आहे. फक्त पिशवी शिवून, टाके घालून आणलेली घेऊ नये. आणणाऱ्याला बसवावे, त्याच्यासमोर चादर पसरून एकेक डबा उघडावा. "आमच्यावर विश्वास नाही का?" असे तो विचारीलच. विचारू द्यावे. मसाल्यात खसखस घातली आहे का ते विचारावे, असली तर तो डबा तिथेच परत करावा, औषधे असली तर चिठ्ठी मागावी. अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासात त्याच्या भावाचे नाव, त्याचे दुबईतले काम, आईचे गुडघे आणि रखडलेला व्हिसा हे सारे कळते, आणि उरलेले डबे बॅगेत जातात.