मायासृष्टीतील पांथस्थ

जे मुळातच नाही ते पाहण्यासाठी मनुष्य इतका आतुर का होतो, आणि ही आतुरता त्याला तारक ठरते की मारक, हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांनी फार पूर्वी विचारला आहे. आज तोच प्रश्न नव्या वेषात घरोघरी उभा आहे. मुलगा संगणकासमोर बसलेला असतो. आई जेवावयास हाक मारते. ‘आलो’ असे उत्तर येते, परंतु कोणी येत नाही. देह खोलीत असतो, मन मात्र बर्फाच्छादित घाटातून कधी न पाहिलेल्या दरीकडे चाललेले असते. ती दरी कोणत्याही भूगोलात नाही. ती संगणकाने रचलेली आहे, आणि देशोदेशींची माणसे आपापल्या घरी बसून तिच्यात एकत्र वावरत आहेत.

प्रारंभीच एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना प्रतिबंध करणारा कायदा भारताच्या संसदेने २०२५ मध्ये केला. ते द्यूत होय, आणि द्यूताचा परिणाम महाभारताच्या वाचकाला निराळा सांगावयास नको. येथे विचार करावयाचा आहे तो दुसऱ्याच ओढीचा. काही खेळाडू वर्षानुवर्षे या काल्पनिक सृष्टींमध्ये केवळ हिंडण्यासाठी जातात. त्यांना जिंकावयाचे नसते, मिळवावयाचे नसते, पाहावयाचे असते.

या सृष्टींचा इतिहास अर्धशतकाहून लहान आहे. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने अशी पहिली सृष्टी रचावयास घेतली आणि रिचर्ड बार्टल या त्याच्या सहाध्यायाने ती पुढे नेली. तिच्यात चित्र नव्हते. केवळ शब्द होते. ‘उत्तरेस जा’ असे लिहिले की उत्तरेकडील स्थळाचे वर्णन पडद्यावर उमटे. पुढे चित्रे आली. २००४ साली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ निघाला आणि त्यातील ‘ॲझरॉथ’ नावाच्या भूमीत कोट्यवधी लोकांनी पाऊल टाकले. याच बार्टल यांनी १९९६ साली लिहिलेल्या एका निबंधात अशा खेळाडूंचे चार प्रकार सांगितले आहेत : काही यशासाठी खेळतात, काही मैत्रीसाठी, काही इतरांवर मात करण्यासाठी, आणि काही केवळ शोधासाठी. या चौथ्या प्रकारच्या पांथस्थाचे मन समजून घेण्यासारखे आहे.

या मनाचे एक उदाहरण पाहावे. ॲझरॉथमध्ये ‘हायजल’ नावाचा एक पर्वत होता. रचनाकारांनी तो उभारला होता, परंतु प्रवाशांसाठी खुला केला नव्हता. तरीही काही खेळाडू युक्तीप्रयुक्तीने, कडे चढून, वारंवार कोसळून, तेथे पोहोचले. वर ना शत्रू होता, ना धन. होती एक निर्जन, अपुरी भूमी आणि बांधकाम चालू असल्याच्या पाट्या! व्यवहारी मनुष्य म्हणेल, एवढ्या श्रमाचे फळ काय? परंतु तेथे गेलेल्यांना ते श्रम व्यर्थ वाटले नाहीत. फळाची वांछा नसतानाही मनुष्य केवढा उद्योग करू शकतो, याचे हे एक लहानसे प्रमाणच म्हणावयाचे.

या ओढीच्या मुळाशी जिज्ञासा आहे, आणि जिज्ञासा ही निंद्य वस्तू नव्हे. नचिकेत्याला यमाच्या दारी तिनेच तीन रात्री बसविले. दहाव्या अध्यायात भगवंतांच्या विभूती ऐकूनही अर्जुनाची तृप्ती होत नाही, तो आणखी ऐकू इच्छितो, आणि पुढे ते रूप प्रत्यक्ष पाहण्याची प्रार्थना करतो. भगवंत त्याला रागावत नाहीत. दिव्य दृष्टी देतात. तेव्हा ‘पलीकडे काय आहे?’ हा प्रश्न मनात उठणे हे मनुष्यत्वाचे लक्षण आहे. प्रश्न कोणत्या दिशेने नेला जातो, यावर त्याचे मूल्य ठरते.

येथेच विवेकाची आवश्यकता आहे. जी वस्तू रचली गेली ती मोडणारच. ‘ॲशरन्स कॉल’ नावाची एक विस्तीर्ण सृष्टी १९९९ साली निर्माण झाली होती. सलग पसरलेल्या तिच्या भूमीमुळे भटकणाऱ्यांना ती विशेष प्रिय होती. २०१७ च्या जानेवारीअखेर ती बंद करण्यात आली आणि सतरा वर्षांचे डोंगर, वाटा व गावे क्षणात मावळली. ॲझरॉथमध्येही २०१० च्या डिसेंबरात रचनाकारांनीच महाउत्पात घडवून जुने प्रदेश बदलून टाकले. ज्यांनी त्या वाटा पायाखालच्या वाटांसारख्या ओळखल्या होत्या, त्यांना आपले गाव बुडाल्याचे दुःख झाले. कंपनीने २०१९ साली ती जुनी भूमी पुन्हा खुली केली. परंतु गेलेले तारुण्य आणि पांगलेले सोबती यांना ती कोठून परत आणणार? हा लहान प्रलय मोठ्या प्रलयाची ओळख करून देतो. ज्या गृहस्थाचा वाडा, शेत किंवा दुकान हातचे गेले आहे, त्याने या खेळाडूंच्या दुःखाला हसू नये. दोन्हीकडे ममत्वाचीच गाठ तुटली आहे.

दुसरा धोका अधिक निकटचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात खेळाच्या व्यसनाला स्वतंत्र विकार म्हणून स्थान दिले आहे. त्याची लक्षणे तीन : खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व कर्तव्यांहून खेळाला अग्रस्थान मिळणे, आणि हानी दिसत असूनही तो चालूच राहणे. दुसऱ्या अध्यायात विषयचिंतनापासून बुद्धिनाशापर्यंतची जी उतरंड दाखविली आहे, तिच्याच पायऱ्या वैद्यांना येथे आढळल्या. जो पांथस्थ घरी परतण्याचे विसरला, तो पांथस्थ राहिला नाही. तो बंदी झाला. सहाव्या अध्यायात आहार, विहार, निद्रा आणि जागृती यांच्या परिमिततेवर जो भर आहे, तो केवळ योग्यांसाठी नाही.

एवढ्यावर विचार संपता तर निर्णय सोपा होता : सारे मिथ्या आहे, म्हणून सारे त्याज्य आहे. परंतु नॉर्वे देशातील एका घरात जे घडले, ते हा निर्णय इतका सोपा राहू देत नाही.

माट्स स्टेन या तरुणाचा जन्म १९८९ चा. स्नायू क्रमाक्रमाने क्षीण करणारा असाध्य रोग त्याला बालपणीच जडला होता. चाकांची खुर्ची आली, हातापायांची शक्ती गेली, अखेर बोटांची थोडीशी हालचाल तेवढी उरली. त्याने आपले हजारो तास ॲझरॉथमध्ये घालविले. तेथे त्याचे नाव ‘इबेलिन’ होते. तेथे तो धावत असे, सृष्टी पाहत असे, मित्रांशी बोलत असे. आईवडिलांचे पुत्रावर निरतिशय प्रेम होते. तथापि खोलीचे दार लावून पडद्यासमोर बसलेला मुलगा पाहून त्यांचे मन झुरत असे. याला मैत्री कळली नाही, याचा कोणाला उपयोग झाला नाही, असे त्यांना वाटे.

२०१४ च्या नोव्हेंबरात, पंचविसाव्या वर्षी, माट्स निवर्तला. त्याच्या आंतरजालावरील दैनंदिनीत पित्याने मृत्यूची वार्ता लिहिली. आणि मग अनोळखी लोकांची पत्रे येऊ लागली. कोणी लिहिले, माझ्या दुःखाच्या काळात त्याने मला धीर दिला. एका मुलीचा संगणक पालकांनी काढून घेतला, तेव्हा त्याने त्या पालकांना समजुतीचे पत्र लिहिले होते. एका आईला आपल्या मुलाशी जवळीक साधता येत नव्हती. दोघांनी त्या काल्पनिक भूमीत भेटावे, असे त्याने सुचविले होते. अंत्यविधीला निरनिराळ्या देशांतून असे लोक आले, ज्यांनी त्याला प्रत्यक्ष कधी पाहिले नव्हते. पुढे २०२४ साली त्याच्या जीवनावरील चित्रपट जगभर पाहिला गेला.

योगवासिष्ठातील लवण राजाची कथा येथे सहज आठवते. एका ऐंद्रजालिकाने राजसभेत माया दाखविली. राजा घटकाभर निश्चल बसला; परंतु तेवढ्या वेळात तो अरण्यात गेला, चांडाळकन्येशी विवाह करून त्याने साठ वर्षे संसार केला, दुष्काळ भोगला आणि शोकाने अग्नीत उडी घेण्याच्या क्षणी तो सिंहासनावर जागा झाला. कथा येथे थांबली असती तर ‘सारे स्वप्न होते’ एवढाच बोध उरला असता. परंतु दुसऱ्या दिवशी राजा विंध्यारण्यात शोधास निघाला, आणि तेथे त्याला तेच गाव दिसले, तीच वृद्ध सासू शोक करीत बसलेली दिसली. राजाने पाठ फिरविली नाही; त्याने तिचे सांत्वन केले.

माट्सच्या आईवडिलांचा अनुभव लवण राजाहून फारसा निराळा नाही. जे मिथ्या म्हणून सोडून दिले होते, तेथे खरे अश्रू सापडले. डोंगर खोटे होते. त्या डोंगरावर दिलेला धीर खोटा नव्हता. यावरून एक सिद्धान्त हाती येतो. स्थळ मायिक असले तरी तेथे केलेले कर्म मायिक ठरत नाही. कर्त्याचा भाव आणि दुसऱ्याच्या अंतःकरणावर झालेला परिणाम त्याला खरेपणा देतात. वेदान्ताच्या दृष्टीने आपला हा प्रपंच तरी कोठे अंतिम सत्य आहे? तरीही येथील धर्म-अधर्म, दया-क्रौर्य यांतून आपली सुटका होत नाही. तोच न्याय त्या सृष्टीलाही लागू आहे. तेथे कपटाने कोणाला लुबाडणारा ‘हा तर खेळ होता’ असे म्हणून मोकळा होत नाही, आणि तेथे कोणाचे अश्रू पुसणाऱ्याचे पुण्यही वाया जात नाही.

मग गृहस्थाने काय करावे? दार बंद पाहून निंदा करण्यापूर्वी एकदा आत जाऊन मुलाजवळ बसावे आणि विचारावे, ‘बाळ, आज तू काय पाहिलेस? तेथे तुझे कोण आहे?’ माट्सचे वडील ज्याला मुकले, ते अजून पुष्कळ घरांत शक्य आहे. आणि खेळणाऱ्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हाक आली की मी उठू शकतो काय? माझे नियत कर्म माझ्यावाचून खोळंबले आहे काय? आणि तेथून परतताना माझे अंतःकरण आप्तांविषयी अधिक कोमल झाले की अधिक कठोर? उत्तरे समाधानकारक असतील, तर ते हिंडणे निर्दोष विनोद होय. नसतील, तर तीच सृष्टी पाश होय.

याहून सूक्ष्म एक प्रश्न उरतो. वीस वर्षे जो हर एक गुहा धुंडाळतो, तो धुंडाळणाऱ्याला कधी धुंडाळतो काय? तेराव्या अध्यायात क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ असा विभाग सांगितला आहे. ॲझरॉथ हे क्षेत्र, ही पृथ्वी हेही क्षेत्र, हा देहही क्षेत्रच. एक सृष्टी बंद पडली, दुसरी उघडली. इबेलिन धावला, माट्स खुर्चीत बसून राहिला. परंतु धावणे आणि बसणे या दोहोंना जाणणारा एकच होता. खऱ्या शोधकाची अखेरची वाट तेथे जाते.

अर्जुनाने तर एकाच देहात सर्व विश्वे पाहिली. त्याहून मोठे दर्शन कोणाला झाले असेल? तरीही ते पाहून तो भयचकित झाला आणि त्याने आपल्या सख्याचे नित्याचे, सौम्य रूप पुन्हा पाहण्याची याचना केली. ते दिसताच त्याचे चित्त स्थिर झाले, आणि यथाकाळ तो आपल्या कर्तव्यास उभा राहिला. सर्व सृष्टी पाहून झाल्यावर जो प्रेमाच्या परिचित मुखाकडे आणि हातातल्या कर्माकडे परत येतो, त्याचे पाहणे सार्थ झाले. आईने जेवावयास मारलेली हाक हे त्या परतीचेच आमंत्रण आहे.