एकाच घरातली दोन मुले

आपले आयुष्य असे का झाले, हा प्रश्न मराठीत साडेतीनशे वर्षांपूर्वी एका बाईने स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तरही अभंगांत लिहून ठेवले. संत बहिणाबाई, तुकोबांची शिष्या. जन्म १६२८ चा, वेरूळजवळच्या देवगावचा. काही कळायच्या आत तिशीतल्या बिजवराशी तिचे लग्न लागले. पुढे कर्ज आणि भाऊबंदकी यांपायी सगळे घर गाव सोडून निघाले आणि वणवण करत कोल्हापूरला पोचले. तिथे ती कथाकीर्तनात रमली, तुकोबांना मनोमन गुरू मानू लागली. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावे, हे नवऱ्याला सोसले नाही. त्याने तिला मारले, बांधून ठेवले. बहिणाबाई यातले काही झाकत नाही. पण हे आपल्याच वाट्याला का आले याचे कारण शोधताना ती या जन्माच्याही मागे जाते. अंतकाळ जवळ आल्यावर मुलाला ती आपले आधीचे बारा जन्म सांगते. हा तेरावा.

हे उत्तर मला कधीच हास्यास्पद वाटले नाही. दाद मागायला जागाच नव्हती, त्या काळात प्रारब्धाच्या कल्पनेने माणसाला तग धरायला मदत केली. भोगणाऱ्या बाईला ‘तूच कमी पडलीस’ असे त्या कल्पनेने सांगितले नाही. मात्र एक प्रश्न तिने पार गिळून टाकला: हे कोणी केले?

तो प्रश्न उघडपणे विचारला एका चौदा वर्षांच्या मुलीने. मुक्ता साळवे, जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेची विद्यार्थिनी. १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. अवघे तीन वर्षांचे शिक्षण तिच्या गाठीशी होते. निबंधात ती आपल्या समाजातल्या बायकांच्या बाळंतपणाबद्दल लिहिते. घरावर धड छप्पर नाही; थंडी, वारा, पाऊस सगळे अंगावर घेत त्या बाळंत होतात, आणि त्यांना काय यातना होत असतील ते स्वतःच्या अनुभवावरून ताडून पाहा, असे ती वाचणाऱ्यांना बजावते. इथे मागचा जन्म कुठेच नाही. जमिनीवरून हुसकावणारी माणसे आहेत, धर्माचे नाव घेऊन दार लावणारे पंडित आहेत, राज्य करणारे आहेत. दुःखाचे कारण आकाशातून खाली उतरले आहे आणि त्याला बोट दाखवता येते आहे. आपल्या वैचारिक इतिहासात या निबंधाला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी अजून मिळालेली नाही, असे मला मनापासून वाटते.

पण सर्वसामान्य मराठी मनात रुजली ती त्याच शतकातली दुसरी कल्पना. कष्ट माणसाला घडवतात, ही. तिचा सर्वांत लाडका दाखला धोंडो केशव कर्व्यांचा. दापोलीजवळच्या मुरूडचा हा मुलगा सहावीच्या परीक्षेसाठी कुंभार्ली घाटाने चालत साताऱ्याला गेला. चार दिवसांची, शंभरावर मैलांची पायपीट. शाळेत ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे आणि ऐकताना ऊर भरून आला आहे. मात्र पुढचा भाग सांगताना गुरुजींचा आवाज जरा उतरायचा. साताऱ्याला पोचल्यावर परीक्षा घेणाऱ्यांनी मुलाकडे पाहिले, हा सतरा वर्षांचा दिसत नाही असे ठरवले आणि त्याला परीक्षेला बसू दिले नाही. एवढे चालून हाती काही लागले नाही. कर्व्यांनी १९१५ मध्ये ‘आत्मवृत्त’ लिहिले त्यात हे प्रामाणिकपणे आले आहे. त्यांनी त्याचा पोवाडा केला नाही, आपण केला.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. घाट चढायची हिंमत त्या मुलाची होती, यात वाद नाही. पण साताऱ्यात आपल्यासाठी परीक्षा आहे, आपण तिला बसू शकतो, हे त्याला ठाऊक होते. गावात शाळा होती, शिकवणारे होते. त्याच काळात कोकणातल्याच देवरुखची गोदूबाई जोशी ही मुलगी आठव्या वर्षी बोहल्यावर चढली आणि काही महिन्यांतच विधवा झाली. पुढे कितीतरी वर्षे ती सासरी राबली. कष्टच घडवत असते तर तिला घडायला कर्व्यांपेक्षा जास्त सामग्री होती. तिचे आयुष्य वळले ते भावाने तिला मुंबईला नेले आणि १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी उघडलेल्या शारदा सदनात घातले तेव्हा. सदनातली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. १८९३ मध्ये कर्व्यांशी पुनर्विवाह करून ती आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे झाली. मुरूडकरांनी त्यापायी कर्व्यांच्या घरावर बहिष्कार घातला. ‘माझे पुराण’ हे बायांचे आत्मचरित्र मी ‘आत्मवृत्ता’च्या शेजारी ठेवून वाचतो. दोघांच्याही जिद्दीत डावे-उजवे करता येत नाही. वेगळे आहे ते एवढेच, की एकासाठी रस्ता आधीपासून होता आणि दुसरीसाठी तो कोणालातरी बांधावा लागला.

माणसाला नेमके काय घडवते, या प्रश्नाचा सर्वांत लख्ख उलगडा मला एका घरात होतो. परळची डबक चाळ, आंबेडकरांची एक खोली. सुभेदार रामजी निवृत्त झालेले, पेन्शन तुटपुंजे. भीमराव संध्याकाळी लवकर झोपायचा, रामजी स्वतः जागत बसायचे आणि पहाटे दोनला त्याला अभ्यासाला उठवायचे. पुस्तकांसाठी पैसे कमी पडले की लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन दागिना मागायचे आणि तो गहाण टाकायचे. या घरात आणखी एक मुलगा होता, आनंदराव. तोही शिकत होता. दोघांच्या शाळेचा खर्च झेपेना तेव्हा आनंदरावाची शाळा सुटली आणि तो नोकरीला लागला. बाप तोच, जात तीच, खोलीही तीच. अस्पृश्यतेचे चटके दोघांनाही सारखेच बसले. मसूर स्टेशनवर उतरलेल्या मुलांची जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा पालटला आणि पुढे रात्रभर बैलगाडीच्या प्रवासात कुणी पाणी दिले नाही, हा बाबासाहेबांनी लिहिलेला प्रसंग प्रसिद्ध आहे. त्या प्रवासात भीमराव एकटा नव्हता, भाऊ आणि बहिणीची मुले बरोबर होती. अपमान घडवतो म्हणावे तर तो सगळ्यांनाच घडवायला हवा होता.

भीमरावाच्या वाट्याला जे जास्तीचे आले त्याची नावे आपल्याला माहीत आहेत. आनंदरावाची सुटलेली शाळा हे त्यातले पहिले. दुसरे, कृष्णराव अर्जुन केळुसकर. चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर वाचत बसणारा मुलगा या शिक्षकाच्या नजरेत भरला. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला, सत्कार झाला, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवले. पुढे शिक्षण अडायची वेळ आली तेव्हा तेच सयाजीराव गायकवाडांपर्यंत त्याचे नाव घेऊन गेले. महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, १९१३ मध्ये कोलंबियाची वाट उघडली. बाबासाहेबांची बुद्धी अफाट होती, मेहनत त्याहून अफाट. पण ती बागेतली गाठभेट झालीच नसती तर? हा प्रश्न मला अस्वस्थ करतो, कारण परळच्या चाळींत अशा भेटीवाचून राहिलेली मुले किती असतील याचा अंदाज कुणालाच कधी करता येणार नाही.

स्वतः बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते, असे त्यांच्या कामावरून दिसते. ‘मी शिकलो, तुम्हीही शिका’ एवढे सांगून ते थांबू शकले असते. त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सुरुवातीलाच, १९२५ मध्ये, सोलापुरात वसतिगृह काढले. पुढे १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांग लावली. भाऊराव पाटलांचे साताऱ्याचे वसतिगृह १९२४ चे. तिथल्या मुलांच्या पोटात दोन घास पडावेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना मोडला, शेवटी गळ्यातले मंगळसूत्रही दिले. विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राने या प्रश्नाला दिलेले उत्तर ग्रंथांत शोधू नये. ते वसतिगृहाच्या कोठीघरात आहे. केळुसकर प्रत्येकाला भेटत नाहीत, म्हणून भेटीवाचून अडणार नाही अशी सोय उभी करायची. शिष्यवृत्ती, फीमाफी, यशवंतराव चव्हाणांच्या काळातली ई.बी.सी. सवलत, सगळे त्याच समजुतीतून आले.

या सोयींच्या आधाराने शिकलेली पिढी लिहू लागली तेव्हा कल्पना आणखी एका वळणावर आली. १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ आले आणि त्यामागोमाग ‘आठवणींचे पक्षी’, ‘उपरा’, ‘अक्करमाशी’, ‘उचल्या’. या पुस्तकांना यशोगाथा म्हणणारे लोक मला भेटतात तेव्हा त्यांनी ती वाचली आहेत की नाही अशी शंका येते. ‘बलुतं’ची मांडणीच पाहा. शिकलेला, नोकरदार, कवी म्हणून नाव असलेला दया पवार ऐकतो आहे आणि मुंबईतल्या कावाखान्यातला, गावकुसाबाहेरच्या महारवाड्यातला दगडू मारुती पवार त्याला सांगतो आहे. वर आलेला माणूस आणि मागे राहिलेला माणूस एकाच अंगात राहतात आणि त्यांची तडजोड होत नाही. परिस्थितीतून बाहेर पडल्यावरही ती अंगातून जात नाही, बाहेर पडण्याची किंमत आयुष्यभर चुकवावी लागते, हे इतक्या स्वच्छपणे मराठीत आधी कोणी मांडले नव्हते.

फलटणच्या बेबी कांबळे यांनी तर ‘मी’ जवळजवळ बाजूलाच सारला. त्यांच्या पुस्तकाचे नाव ‘जिणं आमुचं’, प्रकाशन १९८६ चे. छोट्या दुकानात गिऱ्हाइकाची वाट पाहता पाहता त्या लिहायच्या आणि लिहिलेले घरात कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी लपवून ठेवायच्या. असे वीस वर्षे. ज्या चळवळीने त्यांना माणूस म्हणून उभे केले, तिच्यातल्याच घरात बाईला चोरून लिहावे लागत होते. मुक्ता साळवेचा प्रश्न त्यांनी आपल्या उंबऱ्याच्या आतही विचारला, हे त्या पुस्तकाचे मोठेपण.

एवढ्या वाटचालीनंतर आज आपण कुठे आहोत? दहावी-बारावीचा निकाल लागला की वृत्तपत्रांत हलाखीच्या परिस्थितीवर मात केलेल्या मुलामुलींच्या बातम्या येतात. पेढा भरवणारी आई, मागे पत्र्याचे घर. मुलांचे कौतुक व्हायलाच हवे. पण बातमीत आता वसतिगृह नसते, शिष्यवृत्ती वेळेवर आली की नाही हे नसते, शाळा सोडलेली थोरली बहीण नसते. उरते फक्त जिद्द. प्रेरणादायी व्याख्यानांतून तीच जिद्द गावोगाव वाटली जाते. जिद्द खोटी आहे असे मी मुळीच म्हणत नाही. ती नसती तर ना बाया कर्वे घडल्या असत्या ना भीमराव. मात्र तीच एकमेव कारण म्हणून सांगितली की न जमलेल्या मुलाकडे स्वतःला दोष देण्यावाचून काही उरत नाही. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेचा पाचवा-सहावा प्रयत्न करणारी मुले पाहावीत. शेतातले पीक विकून बापाने खोलीभाडे आणि मेसचे पैसे पाठवलेले असतात. जागा मोजक्या, अर्ज लाखांवर. बहुतेकांची निवड होणार नाही हे गणितच आहे. तरी प्रत्येक जण गावी परतताना आपणच कमी पडलो असे मनाशी धरून परततो. बहिणाबाईच्या प्रारब्धात निदान ही शरम नव्हती.

आणि ज्यांच्यापर्यंत अभ्यासिकाही पोचत नाही त्यांचे काय? बीडकडच्या गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. शाळेत जाणारी मुलगी असेल तर तिला मागे ठेवायचे की बरोबर न्यायचे, हे त्या चार दिवसांत ठरते. गावात हंगामी वसतिगृह असेल, तिथे दोन वेळचे जेवण मिळणार असेल आणि रात्री झोपायला आजीचे किंवा चुलतीचे घर असेल तर ती राहते. नसेल तर फडावरच्या कोपीत जाते, धाकट्या भावाला सांभाळते, पाणी भरते, आणि उन्हाळ्यात परत येते तेव्हा वर्ग पुढे निघून गेलेला असतो. त्यामुळे वसतिगृहाची मंजुरी आणि धान्य टोळ्या निघण्याआधी येते की नंतर, हे मी तिच्या जिद्दीच्या आधी विचारतो.