सेवेचा भार सोपवता येतो, नाते नव्हे

वृद्ध माता-पित्यांना शुश्रूषा केंद्रात ठेवणे इस्लामच्या शिकवणीत बसते काय, हा प्रश्न आता आपल्या घरांतूनही विचारला जाऊ लागला आहे. त्याचे उत्तर एका शब्दात देणे सोपे आहे. न्याय्य मात्र नाही.

पवित्र कुरआनच्या बनी इस्राईल या सूरहमध्ये अल्लाहने स्वतःच्या उपासनेच्या आज्ञेला जोडूनच माता-पित्यांशी सद्वर्तनाची आज्ञा दिली आहे. त्यांच्या म्हातारपणी 'उफ्' देखील न उच्चारण्याची ताकीद तिथेच आहे. त्या आयतीत वार्धक्याच्या उल्लेखाबरोबर 'इन्दक' हा शब्द येतो. त्याचा अर्थ 'तुझ्यापाशी'. वृद्धांची जागा मुलांच्या सान्निध्यात आहे, हे त्यातून सूचित होते. घर अपुरे पडते किंवा पाहुण्यांत संकोच वाटतो, एवढ्यावरून त्यांना दूर करणे या शिकवणीला धरून नाही.

परंतु पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शय्याव्रण होऊ नयेत म्हणून रात्रीसुद्धा साधारण दर 2 तासांनी कुशीवर वळवावे लागते. स्मृतिभ्रंश झालेली आई मध्यरात्री दार उघडून रस्त्यावर जाते. घरात सांभाळणारी एकच व्यक्ती असेल, तर प्रेम असूनही हात अपुरे पडतात. अल्लाह कोणावरही त्याच्या शक्तीबाहेरचे ओझे टाकत नाही, हे तत्त्व अशा मुलांसाठीही आहे. म्हणून आपण स्वतःला एकच प्रश्न विचारावा : ही त्यांची गरज आहे की माझी सोय? याचे उत्तर शेजाऱ्यांना द्यावयाचे नसून अल्लाहला द्यावयाचे आहे.

गरज खरी असली, तरी पुढे आणखी एक कसोटी असते. "अब्बा, चार दिवसांचाच प्रश्न आहे," असे सांगून पुष्कळदा वडिलांना तिथे नेले जाते. हेतू त्यांचे मन न दुखविण्याचा असतो. पण पाचव्या दिवसापासून ते दाराकडे डोळे लावून बसतात. असत्याच्या आधारे आणलेले मन त्या जागेत रुळत नाही. ज्यांना समजते, त्यांच्याशी आधी मसलत करावी, जागा दाखवावी, कारण सांगावे, त्यांचे रागावणे ऐकून घ्यावे. ज्यांची समज क्षीण झाली आहे, त्यांच्याशी वाद घालू नये. "मी शुक्रवारी येईन" म्हणावे आणि शुक्रवारी खरोखर यावे.

नव्या जागी अनेक वृद्धांना आणखी एक दुःख छळते : "इथे माझी नमाज गेली." ही खंत दूर करणे मुलांच्या हाती आहे. खाटेपासून किब्ल्याची दिशा दाखवून ठेवा. उभे राहता येत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर पडून, इशाऱ्याने नमाज होते, आणि पाणी अपायकारक असेल तर तयम्मुम आहे, हे त्यांना प्रेमाने समजवा. रोजा ठेवण्याची शक्ती पुन्हा येण्याची आशा नसेल, तर त्यांच्या वतीने फिदिया द्या. त्यांची तसबीह, जानमाज आणि घरची गोधडी सोबत ठेवा. आहार हलाल आहे ना आणि आईच्या अंगस्वच्छतेसाठी स्त्री परिचारिका आहे ना, याची स्वतः खात्री करा.

मक्का विजयाच्या वेळी हजरत अबू बक्र (रजि.) आपल्या वृद्ध, अंध पित्याला, अबू कुहाफा यांना, प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे घेऊन आले. त्या वयोवृद्धाला घरीच राहू द्यायचे होते, मीच त्यांच्याकडे गेलो असतो, अशा आशयाचे उद्गार प्रेषितांनी काढले. ज्यांच्यापुढे मक्का नमली होती, त्यांनी एका म्हाताऱ्याकडे स्वतः चालत जाण्याची तयारी दाखविली. आपल्याला तर आपल्याच पित्याकडे जावयाचे आहे!

जाल तेव्हा घड्याळाकडे पाहू नका. तोही न उच्चारलेला 'उफ्'च असतो. 2007 च्या कायद्यानुसार न्यायाधिकरण वृद्ध माता-पित्यांना मुलांकडून निर्वाह भत्ता मिळवून देऊ शकते. मुलांचा सहवास मात्र कोणतेही न्यायाधिकरण मिळवून देऊ शकत नाही. केंद्राचे शुल्क भरल्याने मजुरी फिटते, कर्तव्य फिटत नाही.

अल्लाह आपणा सर्वांना माता-पित्यांसमोर नम्र राहण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.