दाव्याच्या गाठीपासून

अथेन्सच्या झेनोफनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीवर एक छोटं पुस्तक लिहिलं. धाकाने करवून घेतलेल्या हालचालीत घोड्याला काही उमगत नाही आणि पाहणाऱ्यालाही सौंदर्य दिसत नाही, हा त्यातला विचार पुढे खूप गाजला. मात्र तबेल्यातल्या कामांबद्दल त्यानेच जे बारकाईने लिहिलं, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. खरारा करताना घोडा जिथे उभा असतो, तिथे मुठीत मावतील असे गोल धोंडे चार-पाच गाड्या भरून पसरा, असं तो सांगतो. त्यावर उभं राहून खूर कणखर होतात. तेव्हा ग्रीसमध्ये घोड्यांना नाल ठोकत नसत, त्यामुळे खुरांवरच सगळी मदार. दाव्याची गाठ कानांमागे, लगामाचा पट्टा बसतो तिथे येऊ देऊ नका, हेही तो बजावतो. घोडा डोकं घासतो, तिथे जखम होते, आणि मग लगाम चढवताना तो बिथरतो. डौलदार चालीची तयारी त्या गाठीपाशीच सुरू होते.

ही समज टिकली नाही. 1550 साली नेपल्सच्या फेडेरिको ग्रिझोनेचं पुस्तक छापून आलं आणि युरोपभर वाचलं गेलं. त्याच्या पद्धतीत शिक्षेला मोठं स्थान होतं. घोडा वाकत होता, वळत होता, पण धाकाने.

फ्रान्समध्ये आंत्वान द प्लुव्हिनेलने वेगळी वाट धरली. राजा तेराव्या लुईला घोडेस्वारी शिकवणारा हा माणूस घोड्याच्या मनाचा विचार करायचा, मारापेक्षा चुचकारण्यावर भर द्यायचा. त्याच्या पॅरिसमधल्या विद्यालयात सरदारांची मुलं घोडेस्वारीबरोबर नृत्य आणि संगीतही शिकत. ही सांगड फार मोलाची वाटते. ताल कळलेला हात लगाम वेगळ्या रीतीने धरणारच!

पुढच्या शतकात, 1733 च्या आपल्या ग्रंथात, फ्रांस्वा द ला गेरिनिएरने हात सैल सोडण्यालाच शिक्षणाचं साधन केलं. घोडा तोल सांभाळून, हलका होऊन चालू लागला की त्याच क्षणी लगाम ढिला करायचा. तीच त्याची शाबासकी. तो क्षण ओळखायला मात्र रोजचा सराव लागतो.

व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये आजही हीच परंपरा चालते. नवशिक्या स्वाराला लांब दोरीवर गोल फिरणाऱ्या घोड्यावर बसवतात. हाती लगाम नाही, पायाला रिकीब नाही. मांड पक्की होईपर्यंत हेच. शिवाय घोड्याची निगा आणि सामानाची साफसफाईही शिक्षणातच येते. बाहेरून पाहणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटेल. पण खरारा करताना पाठीवरचा कोणता भाग हाताखाली आक्रसतो हे ज्याला समजतं, त्याला खोगिरावर बसल्यावर त्या पाठीची भाषा नव्याने शिकावी लागत नाही.

डेन्मार्कची घोडेस्वार लिस हार्टेल हिने ही पाठीची भाषा जगासमोर आणली. 1944 साली पोलिओने तिच्या गुडघ्यांखालच्या पायांतली शक्ती गेली. टाच मारून घोड्याला इशारा देणं आता शक्यच नव्हतं. शरीराचा भार किंचित सरकवणं, पाठीचा आधार देणं, एवढ्यावर तिने ज्युबिली या घोडीशी संवाद साधला. घोडीवर चढायला-उतरायला तिला माणसं लागत. ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या डौलदार चालींची स्पर्धा, स्त्रियांना पहिल्यांदाच खुली झालेल्या 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तिने लष्करी स्वारांच्या बरोबरीने उतरून रौप्यपदक मिळवलं. चार वर्षांनी स्टॉकहोममध्ये, त्याच घोडीवर, पुन्हा रौप्य.