बिऱ्हाड हलवताना

आपल्या मंडळ्यांतील तरुण कुटुंबांपुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो. घरातील कर्त्या माणसाला दूरच्या एखाद्या लहान गावी नोकरी लागते, किंवा बढती मिळून तिकडे बदली होते. नेमणुकीचे पत्र हाती येते, रुजू होण्याची तारीख जवळ असते, आणि घरात विचार सुरू होतो : सर्वांनी जायचे, की एकट्यानेच? उपासनेच्या शेवटी त्या कुटुंबासाठी प्रार्थना होते, पाळकसाहेब आशीर्वाद देतात, आणि मंडळीपुरता तो प्रश्न बहुधा तेथेच मिटतो. पगार, घरभाडे व मुलांची शाळा यांचा हिशेब ज्याचा त्याने करावा, असे आपण मानतो. आमच्या मते हा प्रश्न सोयीइतकाच नीतीचाही आहे. एकाच्या भाकरीसाठी चौघांनी उठून जायचे असेल, तर त्या जाण्याची किंमत कोण देतो आणि त्याला कोणी विचारले आहे काय, हे पाहणे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे.

उदाहरणादाखल बुऱ्हाणपूर घेऊ. भुसावळ-खंडवा लोहमार्गावरील, तापीच्या काठचे हे जुने शहर. जळगाव जिल्ह्याची हद्द ओलांडली की हे लागते. पण ते आहे मध्य प्रदेशात. पूर्वी ते खंडवा जिल्ह्यात होते. १५ ऑगस्ट २००३ पासून स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. गावात यंत्रमागांचा खडखडाट, भोवती केळीच्या बागा. बाजारात मराठी कानावर पडते, तरी शाळा व कचेरी यांचा कारभार हिंदीतून चालतो. समजा, आपल्याकडील एका तरुणाला येथे नोकरी लागली आहे. पत्नी आपल्या गावी शिक्षिका आहे. थोरला मुलगा दुसरीत, धाकटी मुलगी तीन वर्षांची. आई घरी आहे, आणि तिचे गुडघे दुखतात. सिंधीपुरा या जुन्या वस्तीत दोन खोल्या भाड्याने मिळत आहेत. अंतर फार नाही. परंतु मुलाची शाळेची भाषा बदलणार, पत्नीची नोकरी सुटणार, आणि आईला न्यावे तर तिची सोबत तुटते, ठेवावे तर पाणी देणारे हात दूर जातात. पगार एकाचा वाढतो आणि उणे होते ते इतरांच्या खात्यावर.

अशा वेळी आपण चटकन म्हणतो, "देवाने दार उघडले." ते खरेही असेल. पण दार उघडे आहे एवढ्यावरून सर्वांनी आत जावे असे ठरत नाही. उत्पत्तीच्या तेराव्या अध्यायात अब्राम व लोट विभक्त होतात तो प्रसंग पाहा. गुरेढोरे वाढली होती, गुराखी भांडत होते. वेगळे होणे भागच होते. लोटाने दुसरीकडे जाण्यात पाप केले नाही. त्याने डोळे वर करून यार्देनेचे भरपूर पाण्याचे खोरे पाहिले आणि तेवढ्यावरच निर्णय केला. तेथील लोक कसे आहेत, तेथे आपल्या बायकोमुलांचे काय होईल, हे त्याने विचारल्याचे शास्त्रात कोठे आढळत नाही. पुढे त्या घराची जी वाताहत झाली, ती त्या एकाच्या नजरेची किंमत होती, आणि ती दिली सर्वांनी.

आपल्याच मंडळीच्या इतिहासात याचा एक बोलका दाखला आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. त्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली, आणि १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला. नोकरीचा प्रवास देवाने आपल्या कामास लावला, असे आपण आनंदाने सांगतो व सांगावेच. परंतु लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत, त्यांना त्या वाटचालीची दुसरी बाजूही ठाऊक आहे. टिळकांनी नोकरी सोडावी, गाव बदलावे, आणि संसाराची मोट बांधून मागोमाग निघावे ते लक्ष्मीबाईंनी. त्यांनी ते हसतमुखाने लिहिले, म्हणून त्याचे ओझे हलके होते असे नाही. देव आपल्या घाईतूनही भले घडवू शकतो. तेवढ्याने घाई करण्याची मोकळीक आपल्याला मिळत नाही.

मग काय करावे? काही कुटुंबे मधला मार्ग काढतात. नवरा नोकरीच्या गावी एकटा खोली घेऊन राहतो आणि शनिवारी रात्रीच्या गाडीने घरी येतो. वर्ष-सहा महिन्यांसाठी हे ठीक आहे. आईचे आजारपण असेल, मुलाचे शाळेचे वर्ष पुरे व्हायचे असेल, तर तेच शहाणपणाचेही आहे. पण तात्पुरती म्हणून केलेली सोय पाच-सहा वर्षे चालते, असे आपण पाहतो. बाप पाहुण्यासारखा येतो व जातो. मुलांची तापातली रात्र आणि गृहपाठाची संध्याकाळ दोन्ही एकट्या आईच्या वाट्याला येतात. आमचे मत असे आहे की, मुले लहान असताना कुटुंबाने होता होईल तो एकत्र राहावे, आणि कामाच्या जवळ राहावे. रोज दोन वेळ एकत्र जेवणे, एकत्र प्रार्थना करणे यांची भरपाई मनिऑर्डरीने किंवा आजच्या काळात फोनवरील चेहऱ्याने होत नाही.

मात्र हे म्हणताना मागे राहणाऱ्या आईचा विसर पडू देता कामा नये. आईबापांना द्यायचे ते देवाला वाहिले आहे, असे सांगून हात झटकणाऱ्यांना प्रभूने मार्काच्या सातव्या अध्यायात कठोर शब्दांत दोष दिला आहे. "देवाची इच्छा" या शब्दांचा तसाच उपयोग आपल्याकडूनही होऊ शकतो. म्हणून निर्णय करण्यापूर्वी चारही माणसांना एका जागी बसवून स्पष्ट विचारावे. पत्नीने नोकरी सोडायची तर ती तिच्या संमतीने. आणि नव्या गावी तिला काम मिळवून देण्याची खटपट नवऱ्याने आपली नोकरी शोधताना केली तितक्याच नेटाने करावी. आई मागे राहणार असेल तर तिच्याकडे कोण येईल, किती दिवसांनी येईल, औषधपाणी कोण पाहील, हे बोलून ठरवावे आणि खर्चाच्या वहीत त्याला वाढलेल्या पगारातून पहिला रकाना द्यावा. आठ वर्षांच्या मुलाचे मत निर्णायक नसेल. पण त्याला विचारलेले त्याच्या लक्षात राहते. एवढे करूनही काही दुःख उरेल. ते उरले आहे हे कबूल करणे, त्यावर धार्मिक शब्दांचे पांघरूण घालण्यापेक्षा बरे.

आता कुटुंब निघाले आणि सिंधीपुऱ्यात पोचले असे धरू. येथे दुसरा प्रश्न सुरू होतो, आणि तो अधिक दिवस टिकतो : तेथे राहायचे कसे?

सिंधीपुरा हे नाव ऐकून फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांची ही वस्ती असावी असे वाटेल. हे नाव त्याहून बरेच जुने आहे. सोळाव्या शतकात सिंधमध्ये राजकीय धामधूम माजली, तेव्हा तेथील पुष्कळ कुटुंबे घरदार सोडून निघाली. त्यांत विणकर होते, विद्वान होते, सूफी साधक होते. बुऱ्हाणपुरावर तेव्हा फारुकी सुलतानांचे राज्य होते. त्यांनी या लोकांना आसरा दिला. पुढे येथे विख्यात झालेले शाह ईसा जुंदुल्लाह यांचे घराणेही सिंधचेच. गुजरात व वऱ्हाड अशी मजल करीत ते येथे आले. या माणसांनी आपली विद्या व कसब बरोबर आणले आणि ते गावाच्या उपयोगी आणले. शहराच्या तटाच्या एका दरवाज्यालाही त्यांच्या वस्तीचे नाव आहे. परके म्हणून आलेल्यांचे नाव गावाच्या वेशीवर लागावे, याहून स्थायिक होणे ते काय?

शास्त्रातही असेच एक कारागीर जोडपे आहे. क्लौद्य कैसराच्या हुकुमामुळे अक्विला व प्रिस्किल्ला यांना रोम सोडावे लागले. ती करिंथास आली, तेथून इफिसास गेली, आणि पौल रोमच्या मंडळीला पत्र लिहितो तेव्हा ती पुन्हा रोमला आहेत. तंबू करण्याचा धंदा करीत ती हिंडली. पण इफिसात व रोमेत त्यांच्या घरी मंडळी जमत असे. बदल्यांची सबब त्यांच्याइतकी कोणाजवळ असेल? तरी "आम्ही काय, आज आहोत उद्या नाही," असे त्यांनी म्हटलेले दिसत नाही. पौलाला त्यांनी आपल्या घरी ठेवून घेतले, अपुल्लोला जवळ घेऊन शिकवले.

आपल्यापैकी पुष्कळांची रीत याच्या उलट असते. बदलीच्या गावी आपण बिऱ्हाड करतो, घर करत नाही. अर्ध्या पेट्या बांधलेल्याच राहतात. सण आला की गावाकडे, सुट्टी लागली की गावाकडे. शेजाऱ्याचे नाव तीन वर्षांनीही नीट ठाऊक नसते. आणि मुलांसमोर त्या गावाला रोज नावे ठेवली जातात : पाणी असे, लोक तसे, भाषा कशी. मुलांना मात्र त्याच गावात वाढायचे असते. बाबेलात नेलेल्या बंदिवानांना यिर्मयाने पाठवलेले पत्र एकोणतिसाव्या अध्यायात आहे. लवकरच परत जाऊ या आशेवर पेट्या बांधून बसू नका, घरे बांधा, बागा लावा, त्या नगराचे कल्याण इच्छा व त्यासाठी प्रार्थना करा, असा त्याचा भावार्थ आहे. बंदिवानांना जे सांगितले, ते पगारावर गेलेल्यांना लागू नाही काय?

बुऱ्हाणपुरात १६१५ च्या सुमारास, अब्दुर रहीम खानखाना यांच्या काळात, जमिनीखालून पाणी आणण्याची एक योजना झाली. सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारे पाणी भुयारात गोळा करून, शंभराहून अधिक उभ्या कुंड्यांच्या ओळीने उतारावर शहराकडे आणले. तिला कुंडी भंडारा म्हणतात. त्या कुंड्या खणणाऱ्यांची नावे आज कोणी जाणत नाही. त्या पाण्यावर परगावाहून आलेल्या किती घरांच्या तहाना भागल्या, तेही नाही. नव्या गावी पाऊल ठेवणारा प्रत्येक जण, आपण न खणलेल्या विहिरीचे पाणी पितो. तेव्हा त्या गावाने मला काय दिले हे विचारण्याआधी, मी येथे कोणती कुंडी खणणार, हे विचारावे. शेजारच्या मुलांना अभ्यासात मदत करणे, आजाऱ्याला दवाखान्यात नेणे, गल्लीच्या सभेस जाणे, एवढीही कुंडी पुरे.

यात शहाणपणाचाही भाग आहे. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातीलच नेपानगर पाहा. देशातील वृत्तपत्री कागदाची पहिली गिरणी तेथे उभी राहिली, १९५६ साली पंडित नेहरूंनी ती राष्ट्राला अर्पण केली, आणि तिच्याभोवती गाव वसले. त्याच गिरणीतील उत्पादन २०१६ पासून काही वर्षे बंद राहिले व नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. नोकरी ही अशी थांबू शकते. गावाशी आपले नाते फक्त पगाराचे असेल, तर पगार थांबताच हाती काही उरत नाही. शेजार व मंडळी जोडलेली असेल, तर वाईट दिवसांत विचारपूस करणारे कोणी तरी असते.

शेवटी मंडळ्यांना व रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना दोन शब्द. पौलाने किंख्रियेच्या फीबीला रोमला पाठवताना तिच्याविषयी शिफारस लिहिली, तिचे स्वागत करा व तिला लागेल ती मदत करा म्हणून कळवले. आपण कुटुंबाला निरोपाचा हार घालतो. पण तिकडच्या पाळकांना पत्र लिहितो काय? त्या गावी आपल्या पंथाची मंडळी असेलच असे नाही. १९७० साली नागपूर येथे उत्तर भारतीय मंडळी स्थापन होऊन सहा मंडळ्या एक झाल्या, तरी सर्वच त्यात आल्या नाहीत. म्हणून, जी ख्रिस्ती मंडळी तेथे आहे तिच्यात मिसळा, असे निघणाऱ्यांना सांगावे. आणि दारी आलेल्यांना, तुम्ही कोणत्या मिशनचे, हे विचारण्यापूर्वी पहिल्याच रविवारी जेवायला बोलवावे.

वर्गात नवे मूल येईल तेव्हा शिक्षकांनी लक्षात घ्यावे की, ते आजी, मित्र आणि शाळेची भाषा एकाच महिन्यात सोडून आले आहे. त्याला लगेच वचन पाठ म्हणायला उभे करू नये. त्याला येत असलेले मराठी गीत वर्गाला शिकवू द्यावे. तेवढ्याने त्याची मान वर होते. घरी आईबापांनी मराठी शास्त्रवाचन रोज चालू ठेवावे, आणि मुलाने गल्लीत हिंदी शिकली तर आनंद मानावा. दोन्ही भाषांत देवाचे नाव घेता येणे ही काही लहान मिळकत नव्हे.

ज्यांच्या हाती आज नेमणुकीचे पत्र आहे त्यांना आमची विनंती एवढीच : घरातल्या प्रत्येकाला विचारून निघा, मागे राहणाऱ्याची व्यवस्था करून निघा, आणि पोचल्यावर सर्व पेट्या उघडा. त्या गावच्या देवाघरच्या कामाला तुमचीही गरज आहे.