रविवार कोणाचा?

आमच्या माळव्यात मराठी घरांतूनही रविवारास ‘इतवार’ म्हणतात. आठवडाभर त्याचे बेत चालतात. पहाटे मुलांना घेऊन सायकलींवर धारहून तिरल्यापर्यंत जाऊन यायचे आणि परतल्यावर सर्वांनी मिळून दाल-बाफले खायचे. बेत निष्पाप खरा. पण त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. ही फुरसत नेमकी कोणाची?

रविवार आपल्याला फुकट मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले, तेव्हा कुठे १८९० साली गिरणीमालकांनी ही सुट्टी मान्य केली. राबणाऱ्यालाही स्वतःचा असा एक दिवस हवा, हे त्या मागणीचे मर्म होते.

अॅरिस्टॉटलनेही फुरसतीला श्रमाहून वरचे स्थान दिले. ‘स्कूल’ हा शब्दसुद्धा फुरसत या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला, हे ऐकून आम्हां मास्तर मंडळींना सुखावायला होते. परंतु त्या ग्रीकांची फुरसत गुलामांच्या पाठीवर उभी होती.

आता बाफल्यांकडे पाहू. कणीक मळायची, गोळे उकडायचे, भाजायचे, तुपात बुडवायचे. सायकली परत येईतो घरातली गृहिणी उभीच असते. तिच्या इतवारासाठी कोणी लोखंडे झगडले नाहीत. दुसऱ्याच्या वाट्यातून कापून घेतलेल्या सुट्टीला विश्रांती म्हणावे कसे?

मिळून खायचे, तर मिळूनच वळावे. तिरल्याच्या वाटेवर तिचीही सायकल असावी. मग जेवायला दोन वाजले तरी चालतील.