आधी नाव, मग निकाल



परवा पावसात चर्चच्या आवारातल्या भिंतीवर वीतभर रुंदीचे तपकिरी पाखरू दिसले. पंखांची टोके हुबेहूब सापाच्या डोक्यासारखी. मुले ओरडली, "फादर, विषारी असेल, मारा!" खरे सांगतो, झाडू मीच उचलला.

तेवढ्यात कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने ओळखले, "हा ॲटलास पतंग. आपल्या शेजारच्या नॅशनल पार्कात असतो."

या पतंगाचे पंख सुमारे २४ सेंटिमीटरपर्यंत पसरतात. मोठेपणी तो काही खातच नाही; तोंड असून नसल्यासारखे. अळी असताना साठवलेल्या चरबीवर जेमतेम एक-दोन आठवडे जगतो. तो चावणार कशाने? सापाचे सोंग जीव वाचवण्यासाठी, आणि त्याच सोंगापायी तो मरणार होता.

काही किडे खरेच दंश करतात. तिथे सावध राहावे. पण भीती म्हणजे ज्ञान नव्हे. मला ठाऊक नाही म्हणून ते वाईट, हा न्याय कुठला? देवाने प्राणी आदामापुढे आणले आणि त्याने त्यांना नावे दिली. आपण मात्र नावे ठेवतो. किड्यांनाच नव्हे, शेजारी नव्याने राहायला आलेल्यांनाही.

त्या रात्री आवारातला दिवा मालवला. सकाळी भिंत मोकळी होती.

आपला,
फादर